परवानगी यंत्राला की माणसाला?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून कॉम्प्युटर जुळवून घ्यायला गेलात, की शेवटी विंडोजचा विषय निघतो. दुकानदार विचारतो, "ओईएम देऊ की रिटेल?" दोन्हींच्या किमतींत चांगलंच अंतर असतं. मग महागातल्या विंडोजमध्ये जास्तीचं काय मिळतं? काहीच नाही! दोन्ही होम किंवा दोन्ही प्रो असतील, तर आतली आज्ञावली अगदी तीच. जास्तीचे पैसे जातात ते एका साध्या अटीपोटी: वापरायची परवानगी या यंत्राला दिली आहे (ओईएम), की तुम्हाला (रिटेल)?

पण ही अट कॉम्प्युटरला कळते तरी कशी?

आधी ती २५ अक्षरांची प्रॉडक्ट की पाहा. विंडोज एक्सपीच्या काळात या किल्लीत फक्त २४ चिन्हं वापरली जात. इंग्रजीतले सगळे स्वर बाहेर. शून्य, एक, पाच हे आकडेही बाहेर. त्यामुळे शून्य की ओ, पाच की एस, असा घोळ व्हायलाच नको. इतकी काटछाट करूनही २५ जागा किती तऱ्हांनी भरता येतात? तीनवर ३४ शून्यं, एवढ्या! त्यातल्या खऱ्या किल्ल्या अगदी नगण्य. मग तुमची किल्ली खरी, हे कॉम्प्युटर कशावरून ठरवत असे? खऱ्या किल्ल्यांची यादी काही त्याच्याजवळ नव्हती. किल्लीच्या आतच एक गणिती सही दडवलेली होती. सही करण्याचं गुपित मायक्रोसॉफ्टकडे, आणि ती पडताळण्याचं गणित मात्र प्रत्येक सीडीवर. म्हणजे इंटरनेट नसलेल्या खोलीतही किल्ली तपासता यावी, पण त्याच माहितीवरून नवी बनवता येऊ नये. तपासणं सोपं आणि बनवणं महाकठीण, असं गणित अस्तित्वात असावं हेच मला अजून नवलाचं वाटतं.

आता पुढचा पेच. किल्ली खरी आहे, पण तीच दहा जणांनी वापरली तर?

त्यासाठी २००१ मध्ये आलेल्या एक्सपीने कॉम्प्युटरची खूण घ्यायला सुरुवात केली. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टींवरून एक ६४ बिटांचा आकडा तयार होई. त्याच वर्षी बर्लिनमधल्या अभ्यासकांनी तो आकडा उकलून दाखवला, आणि आत जे सापडलं ते फार सुंदर होतं. नेटवर्क कार्डाचा पत्ता मुळात ४८ बिटांचा. त्याच्या शक्यता सुमारे २८१ लाख कोटी. या खुणेत त्याला जागा किती? फक्त १० बिट, म्हणजे जेमतेम हजार शक्यता. मेमरी किती, याला तर ३ बिट पुरत. इतक्या पुसट खुणेवरून तुमचं कार्ड जगात शोधून काढणं अशक्य. पण कार्ड बदललंत, तर हजारात एखादी वेळ सोडता तो बदल लक्षात येणारच. ओळख पटवायची, पण माहिती हाती लागू द्यायची नाही. हे दोन्ही एकाच आकड्यात साधलं होतं! शिवाय त्यात सवलतही होती. मेमरी वाढवली, डिस्क बदलली, तरी चालायचं. बरेच भाग बदलले तरच विंडोज पुन्हा नोंदणी मागायची.

नंतर या ओळखीत मदरबोर्डाचं महत्त्व वाढलं. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून बड्या कंपन्यांच्या लॅपटॉपांत किल्ली कारखान्यातच मदरबोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये लिहून ठेवतात. पूर्वी लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेला किल्लीचा कागद त्यामुळेच दिसेनासा झाला. डिस्क पूर्ण पुसा, तीच आवृत्ती नव्याने टाका. ती आपली किल्ली आपणच वाचून घेते. म्हणून असा लॅपटॉप बिघडल्यावर कुणी "नवीन विंडोज घ्यावी लागेल" म्हणालं, तर आधी कारण विचारा.

ओईएम आणि रिटेल यांतला फरक अंगणातला आंबा आणि कुंडीतली तुळस यांच्यातला आहे. घर बदललं की तुळस उचलून नेता येते, आंबा नाही. ओईएम परवानगी त्या मदरबोर्डाबरोबर जगते आणि त्याच्याबरोबरच संपते. हमीच्या मुदतीत उत्पादकाने बोर्ड बदलून दिला तर गोष्ट वेगळी. रिटेल परवानगी जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते, फक्त एका वेळी एकाच यंत्रावर. त्यामुळे जो दर काही वर्षांनी मदरबोर्ड बदलतो, त्याने रिटेलच घ्यावी. ज्याला लॅपटॉप चालेल तितका चालवून टाकून द्यायचा आहे, त्याने ओईएमवर निश्चिंत राहावं.

तिसरा प्रकार कचेऱ्यांचा, व्हॉल्यूम लायसन्सचा. त्याची एक तऱ्हा अशी की शेकडो कॉम्प्युटरांना स्वतंत्र किल्ल्या लागतच नाहीत. कचेरीतलाच एक सर्व्हर सगळ्यांना मान्यता देतो. पण कधी? निदान २५ कॉम्प्युटरांनी त्याच्याकडे विचारणा केल्यावर. चोवीस असतील तर तो ढिम्म हलत नाही! कचेरी खरंच मोठी आहे, याचा पुरावा त्या कॉम्प्युटरांच्या गर्दीतूनच गोळा होतो. दिलेली मान्यता १८० दिवसांची असते, आणि प्रत्येक कॉम्प्युटर दर आठवड्याला गुपचूप सर्व्हरला गाठून ती मुदत पुन्हा पूर्ण करून घेतो. कर्मचारी लॅपटॉप घेऊन नोकरी सोडून गेला, की सहा महिन्यांत मान्यता आपोआप सुकते. इंटरनेटवर मातीमोल भावात मिळणाऱ्या किल्ल्यांपैकी काही व्हॉल्यूम लायसन्सखाली कुठल्या तरी संस्थेच्या वाट्याला आलेल्या असतात. त्या आज चालतात, म्हणून उद्याही चालतील असं नाही. त्यांच्या नादी लागू नये, हे माझं ठाम मत.

या सगळ्या यंत्रणेच्या बुडाशी कायदा कोणता आहे? भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात कॉम्प्युटरची आज्ञावली आली, तीही साहित्यकृती म्हणून! कथा-कादंबऱ्यांना जे संरक्षण, तेच विंडोजलाही. म्हणून दुकानातून तुम्ही आणता ती मालकी नसते, वापरण्याची मर्यादित मुभा असते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये परदेशी सॉफ्टवेअरवरच्या कराच्या खटल्यात हाच फरक स्पष्ट केला: ग्राहकाला वापराचा हक्क मिळतो, कॉपीराइट मिळत नाही.

आणि आता सगळ्यात मोठं नवल. कॉपीराइटच्याच कायद्याला अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये चक्क उलट कामाला लावलं. त्यांच्या जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सचं म्हणणं असं: आज्ञावली वापरा, उघडून बघा, बदला, विकासुद्धा; पण पुढे ज्याला द्याल, त्यालाही हेच सगळे हक्क आणि आज्ञावलीचा मूळ मजकूर (सोर्स कोड) द्यायचा. कॉपीराइट सोडून दिलेला नाही बरं का! तो हातात ठेवला, म्हणून तर ही अट घालता आली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये बाहेर आणलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या पहिल्या परवान्यात विक्रीला मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. आता कंपन्यांना लिनक्सवर पैसे कमावता येऊ लागले, पण केलेला बदल ग्राहकांपासून दडवून विकता येईना. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांची ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्सवरच उभारली, आणि तिथे ओईएम की रिटेल हा प्रश्नच उद्भवत नाही.

अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली कायदेशीर माहितीचं पान असतं; त्यातले परवाने उघडून बघा. त्या लांबच लांब मजकुरात स्टॉलमन यांच्या अटी शब्दशः छापलेल्या सापडतील.