जिताड्याच्या बीजात नराचा वाटा

सिल्वासाला समुद्र नाही, पण इथून वाहणारी दमणगंगा दमणला अरबी समुद्राला मिळते. जिताडा हा अशाच नद्या-खाड्यांचा मासा. वाढतो गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात. प्रजननाला मात्र खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. रायगडच्या खारेपाटात घरालगतच्या तळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्यासाठी पिल्लं खाडीतून धरून आणावी लागत. चेन्नईच्या ‘सिबा’ या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये टाक्यांत जिताड्याचं प्रजनन यशस्वी केलं आणि हॅचरीत तयार होणाऱ्या पिल्लांची, म्हणजे बीजाची, वाट खुली झाली.

हॅचरीत मादीची बडदास्त ठेवली जाते, नर मात्र सहज दुर्लक्षिला जातो. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो. पुढे काही वर्षांनी, अंगाने भरल्यावर, त्यातल्या बऱ्याच नरांची मादी होते. म्हणजे जपलेले जुने नर हळूहळू माद्यांत जमा होतात. तरुण नरांची नवी फळी तयार नसेल, तर लाखो अंडी पडूनही फलन कमी होतं.

जिताड्याचे शुक्राणू नराच्या शरीरात निश्चल असतात. समुद्राचं पाणी लागताच क्षारांच्या फरकामुळे ते पोहू लागतात आणि बहुधा काही मिनिटांतच थकतात. तेवढ्या वेळात अंड्याच्या कवचावरचं सूक्ष्म छिद्र गाठायचं असतं. म्हणून नुसती संख्या पुरत नाही, वेग आणि दम लागतो. निकृष्ट खाद्य, तापलेलं पाणी, हाताळणीचा ताण, एकाच नराचा वारंवार वापर यांनी तो दम कमी होतो. पोट दाबून वीर्य काढताना मूत्र मिसळलं तरी ते बिघडतं.

चांगलं वीर्य साठवताही येतं. हेरिंग माशाचे गोठवलेले शुक्राणू वापरून अंडी फलित करण्याचा प्रयोग १९५३ मध्येच यशस्वी झाला होता. नरांचा तुटवडा असलेल्या हॅचरीला हा मोठा आधार आहे.

तपासणीही अवघड नाही. वीर्याच्या थेंबात समुद्राचं पाणी घालून किती शुक्राणू पोहतात आणि किती वेळ, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. जिताड्याची फलित अंडी पारदर्शक असतात आणि तरंगतात. वाया गेलेली पांढुरकी होऊन बुडतात.

सिबाचं संशोधन केंद्र नवसारीला, म्हणजे या भागाच्या जवळच आहे. दमणगंगेच्या परिसरात जिताडा पाळू पाहणाऱ्यांनी तिथला सल्ला जरूर घ्यावा. बीज विकत घेताना फक्त बोटुकल्यांचा भाव विचारू नका. नर किती होते, कोणत्या वयाचे होते आणि फलनाचं प्रमाण किती आलं, हेही विचारा. ज्या हॅचरीकडे या नोंदी आहेत, तिथूनच बीज घ्या.