पन्हाळा : यादवीच्या काळातली राजधानी

कोल्हापूरच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवरचा पन्हाळा आता जागतिक वारशात गणला जातो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना हा मान दिला, त्यांत तो आहे. गडावर पाहुण्यांना जी कथा ऐकवली जाते ती 1660 च्या पावसाळ्यातली असते : सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीदचे बलिदान, बाजीप्रभूंची खिंड. ती शाळकरी पोरालाही पाठ आहे, तेव्हा इथे ती पुन्हा सांगत नाही. पण शिवछत्रपतींच्या हयातीत पन्हाळा राजधानी नव्हता. त्याला राजधानीपण आले ते 1660 नंतर जवळजवळ अर्धशतकाने, मराठे मराठ्यांशी लढत असताना, आणि 1782 मध्ये दरबार खाली कोल्हापुरात हलेपर्यंत ते टिकले. ताराराणींचा वाडा, रामचंद्रपंत अमात्यांची समाधी, दुसऱ्या संभाजी महाराजांचे आणि त्यांच्या राणी जिजाबाईंचे समाधिस्थान, या गडावरच्या साऱ्या खुणा त्या यादवीच्या आणि तिच्यामागून आलेल्या काळाच्या आहेत. कोल्हापूरचा मुलूख आज जसा आहे तसा का झाला, हे कळायचे असेल तर 1660 च्या त्या रात्रीपेक्षा 1707 ते 1731 ही चोवीस वर्षे अधिक उपयोगी पडतात. नेमकी तीच आपण घाईने ओलांडतो.

प्रसंग थोडक्यात असा. 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि त्यांच्या राणी ताराबाई, म्हणजेच ताराराणी, यांनी आपला मुलगा शिवाजी याच्या नावाने कारभार हाती घेतला. सात वर्षे त्या औरंगजेबाशी झुंजल्या. 1701 मध्ये पन्हाळा बादशहाने घेतला, पुढे मराठ्यांनी तो परत मिळवला. 1707 मध्ये औरंगजेब मेला, त्याच्या मुलांत तख्तासाठी लढाई जुंपली आणि त्या धामधुमीत आझमशहाने संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांना कैदेतून सोडले. मोगलांच्या घरात दुही होतीच, तशीच ती मराठ्यांच्या घरातही पडावी हा त्यामागचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. ताराबाईंनी शाहूंचा हक्क मानला नाही. संभाजी महाराजांचे राज्य गेले ते गेले, नंतरचे राजाराम महाराजांनी नव्याने मिळवले, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑक्टोबर 1707 मध्ये खेडला लढाई झाली, जानेवारी 1708 मध्ये शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्यावर, तिथून रांगण्यावर आणि पुन्हा पन्हाळ्यावर आल्या. 1714 मध्ये पन्हाळ्यावरच सत्तापालट झाला. सवत राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर बसला आणि ताराबाई आपल्या मुलासह कैदेत पडल्या. म्हणजे सातारा आणि करवीर (कोल्हापूर) अशी घराची दोन शकले झालीच होती, त्यातले करवीरही आतून फुटले.

या युद्धात मोठ्या लढाया फार कमी झाल्या. खेडला निकाल लागला तो धनाजी जाधव ऐनवेळी शाहूंकडे गेल्यामुळे. धनाजींचा मुलगा चंद्रसेन 1711 मध्ये उलट्या दिशेने, साताऱ्याकडून करवीरकडे आला आणि पुढे निजामाकडे गेला. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे होते, शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांना साताऱ्याकडे वळवले. सगळ्यात बोलके उदाहरण प्रतिनिधींच्या घराचे आहे. परशुराम त्रिंबक आधी ताराबाईंचे, मग शाहूंचे झाले. त्यांचा एक मुलगा कृष्णाजी विशाळगडावरून करवीरला मिळाला आणि तिकडचा प्रतिनिधी झाला. दुसरा, श्रीपतराव, साताऱ्याचा प्रतिनिधी. 1730 मध्ये वारणाकाठी करवीरच्या छावणीवर सातारकरांची जी फौज तुटून पडली, तिच्यात हेच श्रीपतराव पुढे होते. विशाळगड आणि औंध ही दोन संस्थाने एकाच घरातून निघाली आहेत. प्रत्येक सरदाराला दुसरे दार कायम उघडे होते, म्हणून त्याला आपल्या दारात बांधून ठेवायला दोन्ही गाद्यांकडे एकच वस्तू उरली : जमीन. गावे, वतने, इनामे, सरंजाम. या यादवीचा खरा खर्च तिथे झाला, रणांगणावर नाही, आणि तो रयतेच्या खात्यावर पडला.

हे पन्हाळ्यावर बसलेल्या एका माणसाला त्याच वेळी दिसत होते. रामचंद्रपंत अमात्य, हुकुमतपन्हा. शिवछत्रपतींच्या मंत्रिमंडळात तरुण वयात आलेले, राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा सगळा मुलूख सांभाळलेले, पुढे ताराबाईंच्या आणि मग दुसऱ्या संभाजी महाराजांच्या पदरी राहिलेले. त्यांच्या हातून 1715 च्या सुमारास आज्ञापत्र तयार झाले. मराठी राज्यव्यवहाराचा हा सर्वांत नीट विचार केलेला ग्रंथ. तो शिवछत्रपतींच्या थोरवीचा वारसा म्हणून वाचला जातो आणि ते योग्यच आहे. पण तो कोणत्या वर्षी, कोणत्या गडावरून लिहिला गेला हे ध्यानात ठेवून वाचला तर वतनदारांवरचे प्रकरण निराळे दिसते. वतनदार म्हणजे लहान लहान स्वतंत्र राजेच, राज्याचे भागीदार असल्यासारखे वागणारे. त्यांना आहे तेवढ्यात समाधान नसते, शेजाऱ्याचे ओढून घ्यायचे असते, परचक्र आले की आपले वतन वाचवायला तेच आधी शत्रूला जाऊन मिळतात. म्हणून नवी वतने सहजासहजी देऊ नयेत, असे पंत बजावतात. हे कोरडे तत्त्वज्ञान नव्हते. ज्या दरबारासाठी ते लिहीत होते, त्या दरबाराला नेमके हेच, नवी वतने देणे, सतत करावे लागत होते. त्याच ग्रंथात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिताना पंत सांगतात की रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जुने झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. दोन चुलत भाऊ एका राज्यासाठी लढत असताना शेतकऱ्याच्या दारातल्या फणसाची काळजी वाहणारा हा कारभारी पन्हाळ्यावरच वारला. त्याची आणि त्याच्या पत्नीची समाधी 1941 पर्यंत ढिगाऱ्याखाली होती, आणि त्यानंतरही तिची हेळसांड संपली नाही. पन्हाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आधी तिथे जावे असे मला मनापासून वाटते.

रयतेवर काय गुदरले असेल हे उदाजी चव्हाणाच्या कारकिर्दीवरून कळते. हिंमतबहादूर म्हणवणारा हा सरदार करवीरच्या बाजूचा मानला जाई, पण बत्तीस शिराळ्याला ठाणे धरून तो आजूबाजूच्या गावांवर स्वतःची चौथाई बसवी. शाहू महाराजांना त्याचा बंदोबस्त करता आला नाही, शेवटी शिराळा आणि कराडच्या चौथाईचा हक्क देऊन त्याला गप्प करावे लागले. म्हणजे लुटणाऱ्याला लुटीचाच हक्क सनदेने मिळाला. वारणाकाठच्या पाटलाच्या जागी उभे राहून पाहिले की या राजकारणाचा अर्थ लागतो. सारा साताऱ्याला द्यावा तर करवीरचे स्वार येणार, करवीरला द्यावा तर साताऱ्याचे, आणि दोघांना देऊनही उदाजी उरतोच. दोन छत्रपती आपापल्या शिक्क्याने सनदा देत असतील तर वतनाचे भांडण कोणापुढे न्यायचे? ज्याची सनद त्याची गादी टिकणार की नाही यावर शेताची मालकी अवलंबून, अशा गावात विहीर कोण खणेल आणि फणस कोण लावील?

1731 च्या सुरुवातीला कराडजवळ जखिणवाडीला शाहू आणि संभाजी भेटले, आणि 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला. त्याची कलमे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. वारणेच्या दक्षिणेचा, कृष्णेच्या कडेने तुंगभद्रेच्या संगमापर्यंतचा मुलूख करवीरला. कोपळ संभाजी महाराजांना, बदल्यात रत्नागिरी शाहूंना. मिरज, तासगाव, अथणी ही ठाणी साताऱ्याकडे. वडगावचे ठाणे पाडून टाकायचे. आणि एकाने दुसऱ्याचे चाकर ठेवू नयेत. या शेवटच्या कलमात चोवीस वर्षांचे दुखणे आले आहे. दोघा भावांना परस्परांची भीती फारशी उरली नव्हती. भीती होती ती आज इथे, उद्या तिथे जाणाऱ्या सरदारांची.

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की मुलूख उद्ध्वस्त केला तो औरंगजेबाच्या पंचवीस वर्षांच्या स्वारीने, त्याचे खापर भाऊबंदकीवर का फोडायचे? आक्षेपात तथ्य आहे. 1707 मध्ये हा प्रदेश आधीच पिळून निघाला होता. पण म्हणूनच पुढची यादवी अधिक जिव्हारी लागली. बादशहा मेल्यावर कौल देऊन परागंदा कुळे परत आणायची, पडीक रान लागवडीला आणायचे, एवढी उसंत मिळायला हवी होती, ती या भांडणाने हिरावली. दुसरा आक्षेप असा की ही राजघराण्यातली कलागत होती, तिला यादवी म्हणणे अति होईल. ती घरातच मिटली असती तर हे मान्य केले असते. पण 1727 मध्ये निजामाने दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा खरा धनी कोण, असा प्रश्न मुद्दाम उभा केला, संभाजी महाराज त्याच्या बाजूला गेले, आणि तो डाव पहिल्या बाजीरावाला 1728 मध्ये पालखेडला मोडावा लागला. ज्या भांडणात परक्याला न्यायाधीश होता येते, ते घरातले राहत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो कोल्हापुरी माणसाच्या काळजातला आहे. ही फूट झाली म्हणून तर कोल्हापूर आहे! ताराराणींनी वेगळी गादी मांडली नसती तर ही राजधानीही नसती. अंबाबाईची लपवून ठेवलेली मूर्ती 1715 च्या विजयादशमीला संभाजी महाराजांच्या आज्ञेने सिदोजी घोरपड्यांनी पुन्हा देवळात बसवली, ती याच नव्या गादीच्या काळात. सातारचे राज्य इंग्रजांनी 1848 मध्ये खालसा केले, करवीरचे 1949 पर्यंत टिकले, आणि त्यामुळेच राजर्षी शाहूंना आपले काम करायला एक राज्य हाताशी मिळाले. हे सगळे खरे आहे, मला ते नाकारायचे नाही. ताराराणींचे शौर्यही नाकारायचे नाही. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा शहरात शिरणाऱ्याला पहिल्यांदा भेटतो, ते अगदी उचित आहे. पण लाभ झाला म्हणून किंमत मोजली गेली नाही असे होत नाही. करवीरची गादी जन्मली तीच सरदारांच्या उपकाराखाली. विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, कापशीचे सेनापती घोरपडे, कागलचे घाटगे, शिवाय इचलकरंजीचे घोरपडे, ज्यांचे व्यंकटराव बाळाजी विश्वनाथांचे जावई होते आणि म्हणून ज्यांचे पाय करवीरच्या मुलखात आणि नजर पुण्याकडे असे. एवढ्याशा राज्यात एवढे जहागीरदार, प्रत्येकाचा आपला कारभार. पुढे पटवर्धनांशी वर्षानुवर्षे झालेल्या झगड्यात आणि चिकोडी-मनोळीच्या वादात हे राज्य दमून गेले आणि 1812 मध्ये इंग्रजांशी तह करून बसले, त्याची मुळे 1707 नंतरच्या वाटपात आहेत. राजर्षी स्वतः कागलच्या घाटग्यांतून दत्तक आले होते. कुलकर्णी वतने आणि महार वतने यांना त्यांनी हात घातला तेव्हा वतनाची पकड किती खोल आहे हे त्यांना बाहेरून कुणी समजावण्याची गरज नव्हती.

या कालखंडाची साधने उपलब्ध आहेत, आणि तीही कोल्हापूरनेच दिलेली. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित करून छापली, डॉ. जयसिंगराव पवारांनी महाराणी ताराबाईंचे चरित्र लिहिले. एवढे घरात असताना पन्हाळ्यावर पाहुण्याच्या हाती तीच एका रात्रीची कहाणी का यावी? ताराराणींच्या वाड्यात शाळा आणि कचेऱ्या भरत आल्या. त्यामुळे वाडा निदान नांदता राहिला, हे चांगलेच. पण या वास्तूतून एका स्त्रीने राज्य चालवले आणि याच गडावर ती कैदेत राहिली, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र वाचायला मिळायला हव्यात. वारणाकाठ तर सहलीच्या नकाशावरच नाही. पुण्याहून येणारा महामार्ग किणीच्या टोलनाक्याआधी ती नदी ओलांडतो. एका काठावर सांगली जिल्हा, दुसऱ्यावर कोल्हापूर. दोन भावांनी 1731 मध्ये आखलेली ती रेघ संस्थाने गेली, जिल्हे नव्याने बांधले गेले, तरी तिथेच राहिली आहे. जागतिक वारशाच्या निमित्ताने पन्हाळ्यासाठी जे काही नव्याने आखले जाईल, त्यात 1707 ते 1731 चे एक स्वतंत्र दालन असावे, रामचंद्रपंतांच्या समाधीची दुरुस्ती असावी, आणि गडावर येणाऱ्या शाळांच्या सहलींना परतताना पूर्वेकडच्या वारणाकाठाने नेले जावे, वडगावच्या पाडलेल्या ठाण्याची हकीकत सांगत.