छावणीत सापडलेली आशा

जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान 3 जून 2024 रोजी, वयाच्या 98 व्या वर्षी ट्युबिंगेनमध्ये निवर्तले. विश्वास आणि आशा यांचे नाते उलगडण्यात त्यांची हयात गेली. त्या शोधाचा धागा जुलै 1943 पर्यंत मागे जातो.

त्या महिन्याच्या अखेरीस दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॅम्बुर्गची राखरांगोळी केली. विमानविरोधी तोफांवर शाळकरी पोरे नेमली होती. त्यांतला सतरा वर्षांचा मोल्टमान वाचला. शेजारी उभा असलेला मित्र जागीच गेला. घरात देवाधर्माचे फारसे काही नव्हते. तरी त्या रात्री त्याने देवाला हाक मारली: तू कुठे आहेस, आणि मी का उरलो?

1945 मध्ये तो ब्रिटिशांच्या हाती लागला. आधी बेल्जियम, मग स्कॉटलंड. युद्धकैद्यांच्या छावणीत बेल्सन आणि बुकेनवाल्ड या नाझी छळछावण्यांची छायाचित्रे लावली गेली आणि आपल्या देशाने काय करून ठेवले ते पाहून कैद्यांच्या माना खाली गेल्या. आशा सुटलेले सोबती त्याच्यासमोर खचत गेले.

तिथे एका लष्करी पाळकाने त्याला बायबल दिले. त्यात त्याला आधी भिडले ते 39 वे स्तोत्र, दुःखाने कोंडलेल्या माणसाचे. मग मार्ककृत शुभवर्तमानातला येशूचा वधस्तंभावरचा आक्रोश. देवाने टाकल्याची वेदना ज्याने भोगली, तो आपले दुःख जाणतो, असे त्याला वाटले. विश्वासाची सुरुवात इथे झाली. इंग्लंडमधल्या नॉर्टन कॅम्पमध्ये त्याने कैदेतच धर्मशास्त्राचे धडे घेतले; सुटका 1948 मध्ये झाली.

1964 साली त्यांचा ‘आशेचे ईश्वरविज्ञान’ हा जर्मन ग्रंथ आला. निरीश्वरवादी विचारवंत अर्न्स्ट ब्लॉख यांनी आशेवर तीन खंड लिहिले होते. मग ख्रिस्ती विचाराने आपलीच ठेव का सोडली, हा प्रश्न मोल्टमान यांना सतावत होता. त्यांचे म्हणणे असे: विश्वास आधी येतो, कारण ख्रिस्ताच्या ओळखीविना आशा हवेत राहते. पण त्या विश्वासाला जिवंत ठेवते ती आशाच. पुनरुत्थानावर भिस्त ठेवणारा माणूस आजच्या अन्यायाशी तडजोड करून स्वस्थ बसूच शकत नाही.

या विचाराची कसोटी पुन्हा तुरुंगातच लागली. पतीच्या खुनाच्या कटात फाशीची शिक्षा झालेली केली गिसेंडॅनर अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या तुरुंगात धर्मशास्त्र शिकत होती. तिच्याशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. 2011 मध्ये तिच्या अभ्यासक्रमाच्या सांगता समारंभात 85 वर्षांचे मोल्टमान तुरुंगात जाऊन बोलले. शिक्षा टळली नाही. 30 सप्टेंबर 2015 रोजी तिला विषारी इंजेक्शन दिले गेले, तेव्हा ती ‘अमेझिंग ग्रेस’ गात होती.