अजिंठ्याचं जहाज निघालं मस्कतला!

मुंबईचे मित्र आले, की आपला वीकेंड प्लॅन फिक्स: वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा. समुद्राचा विषय निघाला, की मात्र आपण गप्प! आता गप्प बसू नका. एका जहाजाचं डिझाइन चक्क आपल्या जिल्ह्यातून गेलंय.

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात एक चित्र आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडं आणि ओळीनं ठेवलेले रांजण. पाचव्या शतकातल्या या जहाजावरून २०२३ मध्ये गोव्याच्या शिपयार्डमध्ये नौदलासाठी जहाज बांधायला सुरुवात झाली. अडचण एकच, ब्लूप्रिंट नाही! चित्रात जहाज फक्त बाहेरून दिसतं. आतली जोडणी कशी करायची?

ते ठाऊक होतं केरळच्या कारागिरांना. फळ्यांना भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीनं त्या शिवायच्या, फटी राळेनं बुजवायच्या. लोखंडी खिळ्यांचं कामच नाही. आयआयटी मद्रासनं मॉडेलच्या टेस्ट घेतल्या. पण टाके घातले ते हातांनीच. आणि असे हात आता मोजकेच उरलेत.

मे २०२५ मध्ये ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ कारवारला नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचलं. इंजिनाशिवाय, वाऱ्याच्या भरवशावर.

चित्र भिंतीनं जपलं, विद्या मात्र माणसांनी. तेव्हा पुढच्या वेळी गाईडनं कितीही घाई केली, तरी त्या जहाजासमोर दोन मिनिटं थांबाच. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात!