विश्लेषण : एकीकडे १४६५, दुसरीकडे ३१... असा सामना लागतोच कसा?

दौलताबाद : एका शाळेने १४६५ धावा केल्या. समोरची शाळा ३१ धावांत आटोपली, दुसऱ्या डावात ५२. निकाल लागला एक डाव आणि १३८२ धावांनी. हा सामना ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणमध्ये झाला. त्यातल्या प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ धावा सगळ्यांच्या लक्षात आहेत. समोर कोण होतं, हे मात्र फार थोड्यांना आठवतं.

शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम आला की एकतर्फी निकालांच्या बातम्या येतातच. फुटबॉलमध्ये दहा-बारा गोलांचा फरक, कबड्डीत पन्नास गुणांची आघाडी. बातमीत जिंकणाऱ्याचा फोटो असतो. दुबळा प्रतिस्पर्धी समोर येणं हा नशिबाचा भाग किती, व्यवस्थेचा किती आणि ठरवून केलेला किती, ते समजून घेऊ.

कल्याणमध्ये नेमकं काय झालं होतं?

भंडारी कप ही १६ वर्षांखालील मुलांची आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेसमोर आर्य गुरुकुलचा संघ होता. त्यांची मोठी मुलं परीक्षेमुळे आली नाहीत, म्हणून बारा वर्षांच्या आसपासची मुलं मैदानात उतरवली गेली, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. काहींना लेदरच्या चेंडूची सवयही नव्हती. मैदानाची एक सीमारेषा जवळ होती आणि झेल सुटत राहिले.

पहिल्या दिवसअखेर प्रणव नाबाद ६५२ वर होता. म्हणजे ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम तेव्हाच मोडला होता. डाव तिथे घोषित करता आला असता, पण दुसऱ्या दिवशीही फलंदाजी चालू राहिली. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. डाव ३ बाद १४६५ वर घोषित झाला.

यात नियम कुणीही मोडला नाही. प्रणवने त्याच्यासमोर आलेले चेंडू मारले, त्यात त्याचा दोष शून्य. पण दीड दिवस उन्हात चेंडू आणायला धावणाऱ्या त्या लहान मुलांना थांबवायची जबाबदारी कुणाची होती? प्रशिक्षकांची, पंचांची की आयोजकांची? स्पर्धेच्या नियमांत या प्रश्नाला जागाच नव्हती. त्या विक्रमाचा भार प्रणवलाही पेलावा लागला. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला महिना १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या आणि त्याच्या वडिलांनी ती बंद करायला सांगितलं. रिक्षा चालवणाऱ्या घराने असा निर्णय घेणं साधी गोष्ट नाही.

समोरचा संघच निघून गेला तर?

तेही महाराष्ट्रात घडलं आहे. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक. महाराष्ट्राविरुद्ध काठियावाडचा पहिला डाव २३८ वर संपला. मग कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा कुटल्या आणि कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ जोडल्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विश्वविक्रम अवघ्या ९ धावांवर होता. मधल्या सुटीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी निंबाळकरांच्या बाजूने सांगितली जाते आणि हळहळ वाटावी अशीच ती आहे. त्यांना भारतासाठी एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. पण काठियावाडच्या गोलंदाजांच्या बाजूने पाहिलं, तर सामना केव्हाच संपला होता आणि फक्त विक्रम उरला होता. त्यासाठी त्यांनी किती वेळ गोलंदाजी करत राहायची? खिलाडूवृत्तीचा अभाव म्हणून ठाकोरसाहेबांना पूर्ण दोषी धरायला मन धजत नाही.

हरणाऱ्याचं दर वेळी वाटोळंच होतं असंही नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपांत्य फेरीत सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा समोर सेंट झेवियर्स शाळा होती. त्या मार खाणाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. तो पुढे भारताकडून कसोटी खेळला. पण तो संघ उपांत्य फेरीत पोहोचलेला होता, हा फरक विसरून चालणार नाही.

अमेरिकेत दुबळा प्रतिस्पर्धी विकत मिळतो

हो, अक्षरशः. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा खेळ. मोठ्या विद्यापीठांचा संघ वर्षभरातले काही सामने स्वतः ठरवतो. मग खालच्या गटातल्या एखाद्या छोट्या कॉलेजला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावलं जातं. मोठ्याला विजय आणि तिकिटांचा गल्ला, छोट्याला वर्षभराचा क्रीडाखर्च भागवायला पैसे. हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यांसाठी साधारण ६ विजय लागतात आणि खालच्या गटातल्या संघावरचा एक विजय त्यात धरला जातो. सोय नियमातच आहे.

कधी कधी डाव उलटतो. १ सप्टेंबर २००७ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने अपालॅचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि लाखाहून जास्त घरच्या प्रेक्षकांसमोर ३४-३२ असा पराभव पत्करला.

याच खेळातला सर्वांत एकतर्फी निकाल ७ ऑक्टोबर १९१६ चा आहे. जॉर्जिया टेक २२२, कम्बरलँड ०. कम्बरलँडने फुटबॉल संघ जवळपास बंदच केला होता. पण सामना न खेळल्यास ३ हजार डॉलर दंड होता, म्हणून जमतील ती मुलं गोळा करून पाठवली. टेकचे प्रशिक्षक जॉन हाइसमन यांच्या डोक्यात मात्र जुना राग होता. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कम्बरलँडने त्यांना २२-० असं हरवलं होतं आणि त्या संघात व्यावसायिक खेळाडू घुसवल्याचा आरोप होता. आपल्या भाषेत ‘बोगस खेळाडू’. शिवाय वार्ताहर नुसते गुण मोजून संघांची प्रतवारी लावतात, याचाही हाइसमन यांना वैताग होता. एका लबाडीचा सूड दुसऱ्या मैदानावर निघाला आणि मार खाल्ला तिसऱ्याच मुलांनी. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला आजही हाइसमन यांच्या नावाची ट्रॉफी मिळते.

रडीचा डाव फक्त धक्काबुक्कीचा नसतो

अमेरिकेत हेल्मेटने डोक्यावर मुद्दाम धडक देणाऱ्याला २०१३ पासून सामन्याबाहेर काढतात. फाउल दुसऱ्या अर्ध्यात झाला, तर पुढच्या सामन्याचा पहिला अर्धा भागही जातो. निर्णय व्हिडिओवर तपासतात. आपल्याकडे कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल कार्ड आहे, पण तालुक्याच्या मैदानावर कॅमेरा कुठे असतो? पंचांची पाठ वळली की मारलेला कोपर हिशोबात येत नाही.

पण सोपा प्रतिस्पर्धी मिळवण्यासाठी केलेली सर्वांत उघड लबाडी पाहायची असेल, तर लंडन ऑलिम्पिककडे जावं लागेल. ३१ जुलै २०१२ रोजी महिला दुहेरी बॅडमिंटनमध्ये चार जोड्या, एक चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या आणि एक इंडोनेशियाची, चक्क हरण्यासाठी खेळत होत्या. सर्व्हिस जाळ्यात, शटल बाहेर, प्रेक्षकांची हुर्यो. कारण सोपं होतं. ऑलिम्पिक बॅडमिंटनमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच गटसाखळी आली होती आणि गटात कितवे आलात यावर पुढचा प्रतिस्पर्धी ठरणार होता. दुसऱ्या दिवशी आठही खेळाडूंना अपात्र ठरवलं गेलं.

त्याच स्पर्धेत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांची जोडी एका गुणाच्या फरकाने उपांत्यपूर्व फेरीला मुकली. त्यांच्या गटातल्या जपानी जोडीचा तैपेईविरुद्धचा पराभवही संशयास्पद होता, अशी तक्रार भारताने केली. ती फेटाळली गेली. पुढे गटसाखळीनंतर प्रतिस्पर्धी ठरवण्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत आणली गेली. फुटबॉलनेही हेच केलं होतं. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया १-० अशा दोघांच्या सोयीच्या निकालावर खेळ थंड करून बसले आणि अल्जीरिया बाहेर गेला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात.

आपल्या शालेय स्पर्धांत दुबळा संघ कुठून येतो?

इथे कुणी पैसे देऊन बोलावत नाही. रचनाच तशी आहे. दौलताबादसारख्या गावातली शाळा आधी तालुक्यात खेळते, मग जिल्ह्यात, मग विभागात, मग राज्यात. महापालिका क्षेत्राची स्पर्धा वेगळी होते, त्यामुळे शहरातल्या सराव केलेल्या संघांशी गाठ विभागावर पडते. राज्यात असे आठ क्रीडा विभाग आहेत. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील.

बहुतेक सांघिक सामने बाद पद्धतीचे. साधा हिशोब करा. ६४ संघ आले तर ६३ सामने होतात आणि ३२ संघ एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभरात त्यांच्या वाट्याला आलेला तो एकमेव सामना. त्यात पहिल्याच फेरीत गतविजेता समोर आला, तर मुलं काय शिकणार? मानांकन दिलं तर बलाढ्य संघ सुरुवातीला एकमेकांशी भिडत नाहीत, पण म्हणजेच त्यांना पहिल्या फेऱ्यांत दुबळेच मिळतात. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर दोन तगडे संघ पहिल्याच दिवशी समोरासमोर. साखळी हा चांगला उपाय, पण त्याला मैदानं, पंच आणि दिवस लागतात. तीनही गोष्टींची वानवा.

वर ‘पुढे चाल’ आहेच. प्रतिस्पर्धी आला नाही, की न खेळता पुढची फेरी. कमी संघ असलेल्या खेळात दोन सामने जिंकून, प्रसंगी एकच जिंकून, वरचा स्तर गाठता येतो. याचं मोल लहान नाही. दहावी-बारावीला स्तरानुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं म्हणूनच उघडकीला आली आणि पडताळणी सक्तीची झाली. मराठवाड्यातल्या कित्येक मुलांचे भरतीचे अर्ज त्या पडताळणीवर अडतात. ज्याने खरंच घाम गाळला तोही त्याच रांगेत उभा राहतो.

मग उपाय काय?

काही खेळांत ते आधीपासून आहेत. फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांवर. खो-खोत डाव राखून जिंकता येतं, उगाच पुढचा डाव खेळत बसावं लागत नाही. शालेय क्रिकेटमध्ये षटकांची किंवा आघाडीची अशी मर्यादा लावली, तर कल्याणसारखा डाव होणारच नाही. १००९ चा आकडाही मग कधी दिसणार नाही, हे मान्य करावं लागेल. तसं झालं तर बिघडलं काय, असं आम्हाला वाटतं.

याहून जुना उपाय गावच्या जत्रेतला. कुस्तीच्या फडात पंच ‘जोड’ लावतात. पैलवानाला आखाड्यात फिरवायचं, वजन-अंगकाठी पाहायची, तालीम कुठली ते विचारायचं आणि तुल्यबळ सापडला तरच हात मिळवायला लावायचा. नाही सापडला तर पैलवान कपडे चढवून खाली बसतो. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मोठ्यांच्या इनामावर. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली, दिसली की प्रेक्षकच बोंब ठोकतात. मातीतल्या त्या पंचांकडे ना संगणक असतो ना गुणतक्ता. तालुका स्पर्धेचा ड्रॉ मात्र आदल्या दिवशी, आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यावरून, संघ न पाहताच लागतो.