रथ लहान, पल्ला थोर

माघ शुद्ध सप्तमी ही तिथी दुहेरी पुण्याची. घरोघरी या दिवशी पाटावर रक्तचंदनाने सूर्यनारायणाचा सात घोड्यांचा रथ रेखाटतात, तुळशीवृंदावनापुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात, आणि संक्रांतीपासून चालत आलेल्या हळदीकुंकवाची याच दिवशी सांगता होते. हीच तिथी नर्मदामैयाच्या जयंतीचीही आहे. महाराष्ट्रास नर्मदेचा सहवास लाभतो तो केवळ नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. तेथे अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या दक्षिण तीरी मणिबेली हे आदिवासी गाव आहे. परिक्रमावासी ज्या शूलपाणीच्या झाडीचे नाव भयभक्तीने घेत आले, त्याच टापूतील हे गाव. आज रथाचा दिवस आणि नर्मदेचाही दिवस. म्हणून रथाविषयी चार शब्द बोलावे आणि बोलत बोलत मणिबेलीच्या तीरावर जावे, असा आमचा मानस आहे. मात्र रथ घेतला आहे तो आजच्या संसारी माणसाचा, म्हणजे लहान मोटारीचा.

सणाच्या पानावर मोटारीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कीर्तनकाराचे निम्मे आयुष्य वाटेवर जाते. आज या गावी उत्सव, उद्या त्या गावी सप्ताह. यजमानांनी पाठविलेल्या गाडीत मागे पेटी-तबला आणि साथीदार, पुढे चालकाच्या शेजारी आम्ही. रात्री परतताना झोप येऊ नये म्हणून चालक बोलतो आणि आम्ही ऐकतो. ‘गाडी लहानच का घेतली?’ हा प्रश्न आम्ही कित्येकांना विचारला आहे. उत्तरांचे शब्द निराळे असत. अर्थ मात्र एकच निघे. तो अर्थ शास्त्राशी इतका जुळणारा आहे की तो आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

एकचाकी रथ

प्रथम रथसप्तमीच्या रथाकडे पाहू. पुराणांनी सूर्यनारायणाचा रथ वर्णिला आहे तो ऐश्वर्याचा असला तरी त्याला चाक एकच. ते चाक म्हणजे संवत्सर आणि सहा ऋतू ही त्याची धाव. सारथी अरुण. त्याला मांड्या नाहीत, म्हणून अमरकोशात त्याचे एक नाव ‘अनूरु’ असे दिले आहे. चाक एक, सारथी अपंग, वाट आकाशाएवढी. तरीही एक दिवस खाडा नाही. साधन तोकडे म्हणून काम अडत नाही, काम अडते ते करणाऱ्याचे बळ तोकडे पडले म्हणजे, हा बोध आपल्या संस्कृत कवींनी या रथातून घेतला.

कठोपनिषदाने आणखी पुढे जाऊन देहालाच रथ म्हटले. इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी ही सारथी आणि आत मालक बसलेला. या रूपकाचे मर्म असे की रथ मालकासाठी आहे, मालक रथासाठी नाही. ज्या दिवशी घोड्यांच्या दाण्यापायी मालक उपाशी राहू लागला, त्या दिवशी रथ उलटा चालू लागला असे समजावे. चालकमंडळी जे सांगतात ते याहून वेगळे नाही.

मुंबईची फियाट

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ज्यांनी पाहिली त्यांच्या डोळ्यांपुढे अजूनही एकच आकृती उभी राहते. मूळ सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, आणि तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. इंजिन अवघे १,०८९ सीसीचे. त्याच काळात कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांनी उत्तरपाड्याची अँबॅसडर जवळ केली. ती अंगाने भरदार, तिचे पेट्रोल इंजिन १,४८९ सीसीचे. दोन्ही गाड्या याच देशात मिळत होत्या, तरी मुंबईने लहान निवडली.

याचे कारण टॅक्सीच्या हिशेबात आहे. मुंबईत पुष्कळ चालक दुसऱ्याची टॅक्सी पाळीने चालवीत. पाळीचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे, पेट्रोल स्वतः भरायचे आणि उरेल ते घरी न्यायचे. अशा माणसाला ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते’ हा प्रश्न हौसेचा नसतो; तो मुलांच्या दुधाचा असतो. १९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियातील युद्धामुळे जगभर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले, तेव्हा तर लिटरभर पेट्रोलात चार मैल अधिक जाणारी गाडी ही प्रत्यक्ष अन्नपूर्णा ठरली.

परंतु पेट्रोल हे एकच कारण नव्हे. या गाडीच्या पोटात गूढ असे काही नव्हते. बॉनेट उघडले की सारे नजरेसमोर. रस्त्याकडेचा मिस्त्री दोन पान्यांनी ती दुरुस्त करी आणि सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात नवे-जुने दोन्ही मिळत. मध्यरात्री गाडी बंद पडली तरी पहाटेची पाळी बुडत नसे. अरुंद गल्लीत ती वळे, आणि टपावरच्या कॅरिअरवर गावी निघालेल्या कुटुंबाच्या ट्रंका, वळकट्या नि फणसदेखील मावत. पुढे सीएनजी आला तेव्हा त्याही इंधनावर ती चालली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले तरी चालकांनी तिला सोडले नाही. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. माणसाने यंत्राशी इतका दीर्घ संसार केल्याची उदाहरणे विरळा.

घरची मोटार

टॅक्सीवाल्याचे झाले, आता गृहस्थाश्रमी माणसाकडे वळू. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत मारुती ८०० ची पहिली किल्ली देण्यात आली. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन आणि आरंभीची किंमत सुमारे ४७,५०० रुपये. गाडीला नावही वायुपुत्राचे लाभलेले. भाविक घरांनी तिच्या पुढच्या काचेपाशी शेंदरी मूर्ती बसवावी यात नवल ते काय! २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले, तोवर देशात अशा २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. शिक्षक, बँकेतील कारकून, तालुक्याचे डॉक्टर यांच्या दारात जी पहिली मोटार उभी राहिली ती बहुधा हीच. आजीला पंढरपूर, सुनेला माहेर आणि बाळाला रात्री दवाखाना, ही तिन्ही स्थाने तिने जवळ आणली. हप्ता फिटला तरी घरखर्च चालत राही, हे तिचे खरे वैभव होते.

आता प्रतिपक्ष पाहू, कारण प्रतिपक्षावाचून सिद्धांत पक्का होत नाही. लहान गाडी लोक घेतात ती केवळ स्वस्त म्हणून, असे असते तर टाटांच्या नॅनोला पर्वणी लाभायला हवी होती. पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब जाताना पाहून रतन टाटा यांच्या मनात ही गाडी आली. हेतू करुणेचा होता. जानेवारी २००८ मध्ये ती जगापुढे आली, मार्च २००९ मध्ये मुंबईत तिचे विक्रीसाठी पदार्पण झाले, आणि एक लाखाची गाडी म्हणून तिचा गाजावाजा दूरदेशी पोहोचला. तरीही दहा वर्षांच्या आत, २०१८ मध्ये, तिचे उत्पादन थांबले. कारखाना पश्चिम बंगालमधून गुजरातेत हलविण्याची अडचण झाली, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनी मने साशंक झाली. परंतु ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच तिला बाधली, हे स्वतः रतन टाटा यांनीही पुढे बोलून दाखविले.

वाचकहो, यात मानवी मनाची मोठी खूण आहे. स्वस्ताई आणि काटकसर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्वस्ताई विकत घेण्याच्या दिवशी संपते. काटकसर दररोज चालते. स्वस्ताईत ‘याला याहून अधिक परवडत नाही’ हा जगाचा शेरा ऐकावा लागतो, तर काटकसरीत ‘मला एवढे पुरे आहे’ हा स्वतःचा निर्णय असतो. आमच्या चालकबंधूंच्या उत्तरांचा अर्थ हाच निघे : जी गाडी आपल्याला ओढावी लागत नाही, ती आपली. अपरिग्रह हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नसेल. पण त्याचा अर्थ त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक होता.

जेथे मोटार थांबते

लहानपणाचेही स्तोम मात्र माजवू नये. शास्त्रात अधिकारभेद आहे, तसा वाटेवरही आहे. तळोदा-अक्कलकुव्याच्या सपाटीवर लहान मोटार सुखाने धावते. सातपुड्याच्या चढणीला लागले की उंच चाकांची, दणकट जीपच कामाची. आणि नर्मदेच्या जलाशयावर तर चाकाचा अधिकारच संपतो. तेथे होडी हाच रथ.

या तीरावरची एक हकीकत २०२० साली वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचली. मणिबेलीच्याच परिसरातील चिमलखेडी भागात एक अंगणवाडी सेविका काम करीत होती. टाळेबंदीच्या काळात दूरच्या पाड्यांवरील लेकुरवाळ्या आणि गरोदर बायांचे अंगणवाडीत येणे थांबले, तेव्हा तिने एका मच्छीमाराची लहानशी नाव मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारीत ती त्या पाड्यांवर जाऊ लागली. जाऊन येऊन सुमारे १८ किलोमीटर. बाळांचे वजन करायचे, पोषण आहार द्यायचा आणि पुन्हा वल्ही हाती घ्यायची. नाव उसनी, इंधन म्हणजे स्वतःचे दंड. एकचाकी रथ आणि अनूरु सारथी यांचे वर्णन आम्ही जन्मभर करीत आलो. त्याचे प्रत्यक्ष प्रमाण आमच्याच महाराष्ट्राच्या सीमेवर आहे.

मणिबेलीचे ऋण

आता ज्या मणिबेलीपाशी यायचे होते तेथे आलो. सरदार सरोवर धरणाचे पाणी वर चढू लागले तेव्हा महाराष्ट्रात ते सर्वप्रथम आले मणिबेलीत. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरे पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचे प्राचीन देवालयही जलमग्न झाले आणि देवाची नवी स्थापना केवडियाजवळ गोरा येथे झाली. १९९४ साली जगातील अनेक संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने कर्ज देऊ नये असा जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले ते याच गावाचे. धरणाचे पाणी कोट्यवधींच्या मुखी गेले हेही खरे, आणि गावकऱ्यांनी शेत, रान व देव सोडले हेही खरे. दोहोंपैकी एकच सत्य बोलणे आमच्या व्यासपीठाला शोभणार नाही.

याचा मोटारीशी संबंध आहे. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. आज विजेवर चालणाऱ्या लहान मोटारी आपल्या शहरांत दिसू लागल्या आहेत. त्यांत पेट्रोल जळत नाही, धूर निघत नाही, आणि चालकाचा हिशेब आणखी सोपा होतो. उत्तम आहे. परंतु रात्री घराच्या भिंतीला लावून गाडीत भरलेल्या विजेचा एखादा कण मणिबेलीच्या बुडालेल्या अंगणावरून आलेला असू शकतो. आपल्या सोयीची किंमत प्रत्येक वेळी आपणच दिलेली असते असे नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना पाठ असतात. शतपथ ब्राह्मण चौथे मनुष्यऋणही सांगते, ते मात्र सहज विसरले जाते.

म्हणून लहान गाडीची निवड ही केवळ चालकाच्या खिशाची गोष्ट राहत नाही. आपण जेवढे कमी जाळतो, तेवढे कोणाचे तरी रान, कोणाचा तरी श्वास, कोणाचे तरी अंगण शिल्लक राहण्याची शक्यता वाढते. टॅक्सीवाल्याने आपल्या लेकरांसाठी जी काटकसर केली, तीच काटकसर गृहस्थाने न पाहिलेल्या लेकरांसाठी केली तर तिला धर्म हे नाव शोभेल.

रथसप्तमीला सूर्याच्या रथाबरोबर दारातल्या गाडीलाही हळदकुंकू लावण्याची चाल काही घरांत आहे. ती अवश्य पाळावी. मात्र हळदकुंकू लावताना तीन गोष्टी मनाशी विचाराव्या. ही गाडी आपण ओढतो की ती आपल्याला नेते? तिच्यातील रिकाम्या आसनावर शेजारच्या वृद्धाला देवदर्शनास कधी नेले का? आणि जेथे पायी जाता येते तेथे तिला विश्रांती देतो का? तिन्ही उत्तरे मनाजोगी आली तर गाडी लहान असो वा मोठी, तो रथ योग्य वाटेवर आहे. बोळक्यातील दूध उतू जाताना एक अर्घ्य सूर्यनारायणाला द्यावे आणि दुसरे मणिबेलीच्या दिशेने, नर्मदामैयाला.