पंचेचाळीस की नऊ?

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. बटाटा, पगार, चावी ही त्याच गलबतातून उतरलेली त्याची भावंडे. ही भावंडे आपल्या घरात सुखाने नांदली. काडतूस मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले. मराठी मध्यमवर्गीयाचा पिस्तुलाशी संबंध आला तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेपुरता, आणि तिथेही पिस्तूल रोखले गेले की पुरे. त्याची गोळी किती जाडीची, हे कोणी विचारले नाही. अमेरिकेत मात्र नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. हापूस रत्नागिरीचा खरा की देवगडचा, यावर आपल्याकडे ज्या चवीने वाद रंगतो, त्याच चवीने तिकडे ‘पंचेचाळीस बरी की नऊ?’ यावर शहाणीसुरती माणसे हमरीतुमरीवर येतात. फरक एवढाच, की आंब्याच्या वादात कोणाचा जीव जात नाही.

आधी हे आकडे समजून घेऊ. पिस्तुलाच्या नळीचा आणि तिच्यातून सुटणाऱ्या गोळीचा व्यास म्हणजे ‘कॅलिबर’. पंचेचाळीस म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, सुमारे साडेअकरा मिलिमीटर. नऊ म्हणजे सरळ नऊ मिलिमीटर. दोहोंत अंतर अवघे अडीच मिलिमीटरचे! गोळीचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात, आणि १८० ग्रेनचा होतो आपला एक तोळा. पंचेचाळीसची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित अधिक. नऊची ११५ ते १२४ ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळ्यालाही थोडी कमी. पहिली जड आणि संथ, दुसरी हलकी आणि चपळ. पहिलीचा हाताला बसणारा धक्का मोठा, दुसरीचा सोसवेल असा. सैन्याच्या जुन्या पंचेचाळीसच्या पेटीत सात गोळ्या मावत. पुढे आलेल्या नऊच्या पिस्तुलात पंधरा.

या वादाचे मूळ फिलिपीन बेटांत आहे. १८९८ साली ही बेटे स्पेनच्या हातून अमेरिकेकडे गेली आणि तिथल्या मोरो लढवय्यांशी अमेरिकन सैन्याची गाठ पडली. सैनिकांजवळ पॉइंट अडतीसची रिव्हॉल्व्हरे होती. तलवार उपसून धावत येणारा मोरो गोळ्या लागूनही थांबत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा अडगळीत टाकलेली १८७३ सालच्या नमुन्याची पंचेचाळीसची जुनी रिव्हॉल्व्हरे पुन्हा बाहेर काढावी लागली.

सरकारने मग १९०४ साली दोघांचे मंडळ नेमले. टॉमसन हे शस्त्रखात्याचे अधिकारी. ला गार्ड हे सैन्याचे शल्यविशारद. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृत मानवी देहांवर निरनिराळ्या गोळ्यांचे प्रयोग केले. त्यांचा तपशील वाचकांच्या दिवाळीच्या फराळात कालवण्याची माझी इच्छा नाही. निष्कर्ष मात्र सांगायला हवा, कारण तो दुहेरी होता. पहिला भाग असा, की सैन्याच्या पिस्तुलाचे कॅलिबर पंचेचाळीसहून कमी नसावे. दुसरा भाग असा, की माणसाच्या देहाचा बराचसा भाग असा आहे, की तिथे कोणतीही गोळी लागली तरी तो जागच्या जागी थांबेल याची आशा नाही. म्हणून सैनिकाकडून अचूक नेमाचा सराव अखंड करून घ्यावा.

पहिला भाग सरकारने लगेच उचलला. जॉन ब्राउनिंग या कुशल कारागिराने आखलेले पंचेचाळीसचे पिस्तूल १९११ साली सैन्यात दाखल झाले आणि १९८५ पर्यंत टिकले. दोन महायुद्धे त्याने पाहिली. बापाने वापरले म्हणून मुलाला प्रिय झाले. आकडा होता तो बघता बघता कुळाचार झाला. दुसरा भाग मात्र अहवालाच्या पानांत पडून राहिला. आकडा विकत घेता येतो. सराव विकत मिळत नाही!

गंमत अशी, की त्याच सुमारास इंग्रज उलट दिशेने निघाले होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या अधिकाऱ्यांजवळ पॉइंट चारशे पंचावन्नची दणकट रिव्हॉल्व्हरे होती. घाईघाईने तयार केलेल्या शिपायाच्या हाताला ती आवरत नाहीत, असा अनुभव आल्यावर त्यांनी १९३२ साली अडतीसचे हलके रिव्हॉल्व्हर पत्करले. जर्मनीत गेओर्ग लुगर याने १९०२ साली नऊ मिलिमीटरचे काडतूस सिद्ध केले होते. ते हळूहळू निम्म्या जगाने आपलेसे केले. शेवटी १९८५ साली, मित्रराष्ट्रांच्या आणि आपल्या काडतुसांचा मेळ बसावा म्हणून, अमेरिकन सैन्यानेही नऊच घेतले. पंचेचाळीसच्या भक्तांना हा धर्मबुडवेपणा वाटला.

पुढच्याच वर्षी त्यांना हवे ते उदाहरण मिळाले. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात एफ.बी.आय.च्या आठ जणांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांना गाठले. चकमक पाच मिनिटेही चालली नाही. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. दोन्ही दरोडेखोरही मेले. पण त्यांपैकी एकाला सुरुवातीलाच नऊ मिलिमीटरची गोळी लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयापासून इंचभर अलीकडे थांबली. एवढ्या जखमेनंतरही तो लढत राहिला आणि त्या दोघांचे प्राण त्यानेच घेतले. त्याच्या हाती रायफल होती, पिस्तूल नव्हे, ही गोष्ट वादाच्या भरात मागे पडली. खापर फुटले ते नऊच्या माथी.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. एफ.बी.आय.ने दहा मिलिमीटरचे जबर काडतूस निवडले. त्याचा धक्का पुष्कळांना सोसेना, म्हणून त्यातली दारू कमी केली. मग एवढीच शक्ती हवी तर काडतूस लांडे का करू नये, या विचाराने १९९० साली पॉइंट चाळीस जन्माला आले आणि पोलीस खात्यांत त्याची चलती झाली. पण त्याचाही धक्का नऊपेक्षा अधिकच होता. २०१४ साली एफ.बी.आय.च्या प्रशिक्षण विभागाने पुन्हा नऊचीच शिफारस केली. गोळ्यांची घडण आता इतकी सुधारली आहे की लहानमोठ्या कॅलिबरच्या परिणामात फारसे अंतर उरलेले नाही, आणि नऊ हातात असली की बहुतेकांचा नेम अधिक जलद व अधिक अचूक साधतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच टिपणात एक नोंद आहे: प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या शंभरांतल्या सत्तर ते ऐंशी गोळ्या चुकतात. चुकलेली गोळी पंचेचाळीसची काय नि नऊची काय, भिंतीलाच लागायची. आणि भिंतीला न लागली तर कुणा वाटसरूला.

सिनेमात गोळी लागताच माणूस चार हात मागे उडतो. तसे खरोखर घडले असते तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे गोळी झाडणाराही तितकाच मागे उडाला असता. पिस्तुलाची गोळी माणसाला ढकलत नाही. ती कुठे शिरते आणि किती खोल जाते, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या देशात आवडत्या कॅलिबरचा हा प्रश्न सामान्य नागरिकापुढे येतच नाही. शस्त्रकायद्यामुळे नऊ मिलिमीटर किंवा अडतीस ही सैन्या-पोलिसांची मापे त्याला सहसा वर्ज्य आहेत. महत्प्रयासाने परवाना मिळालाच, तर त्याच्या वाट्याला येते ती बहुधा पॉइंट बत्तीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास स्त्रियांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही बत्तीसचेच. ते सव्वा लाखाच्या घरात होते. एवढे पैसे मोजणाऱ्या घरांनी नेमाच्या सरावासाठी किती तास मोजले असतील, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

भारी किमतीचा मिरजेचा तंबोरा घरी आणला म्हणून गळा सुरात लागत नाही, हे आपल्याकडे गाणे शिकणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असते. शिकागोच्या त्या दोघांनी १९०४ साली निराळे काही सांगितले नव्हते. त्यांच्या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग गाजला, त्यावर पिस्तुले घडली, पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. मायामीनंतरही पुन्हा आकडाच बदलला गेला. दुसरा अर्धा भाग मान्य व्हायला मात्र एकशे दहा वर्षे जावी लागली, आणि दरम्यान ज्यांचे प्राण गेले, त्यांना त्या आकड्यांचा काही उपयोग झाला नाही.